मकाजीचा श्रावण

आमच्या आत्याबाईंच्या घरातून उपाशी पोटी बाहेर पडलेला जीव अख्ख्या खालापूर तालुक्यात शोधून सापडणार नाही. आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या आत्या. सत्तरीला टेकलेल्या, घरात एकट्या, आणि स्वयंपाक मात्र रोज लग्नघराला पुरेल एवढा. त्यांच्या पडवीत पाय ठेवला की तुम्ही कोण, कशाला आलात, हे विचारायच्या आधी पुढ्यात ताट येतं. लाईटचं मीटर बघायला आलेला माणूस एकदा त्यांच्या हातचे कोंबडी-वडे खाऊन पडवीतच आडवा झाला, तो दिवेलागणीला उठला, आणि त्या महिन्याचं गावाचं बिल अंदाजपंचे आलं. 'नको' हा शब्द त्यांच्या कानात शिरतच नाही. ताटावर हात आडवा धरला तर त्या हातावर वाढतात. माझ्या बोटांवर कढत वरण पडलंय, म्हणून सांगते. वर मलाच ऐकवलं, "आगं, हात कशाला घालतंस मदी? पोट भरलं का नाय ते माझं मी बघते, तू खा." लग्न होऊन मी कर्जतला आले तेव्हा चवळीच्या शेंगेसारखी होते. आता दुकानाच्या गल्ल्यामागे मावत नाही. दोष कुणाचा, ते सगळ्या खानदानाला ठाऊक आहे.

या आग्रहापुढे आयुष्यात एकच व्यक्ती टिकली, ती म्हणजे त्यांची लेक. काडीसारखी बारीक, मोजून खाणारी, आणि आईइतकीच हट्टी. मोहोपाड्याच्या एका कारखान्यात ती प्रयोगशाळेत नोकरीला लागली आणि घर अर्ध्या तासावर असताना तिथंच खोली घेऊन राहिली. कारण विचारलं तर म्हणायची, "वहिनी, मला घरी श्वास घेता येत नाही गं. तोंड उघडलं की आई त्यात घास घालते." हे ती हसत सांगायची, पण रविवारी घरी आली की मायलेकींचं जेवणावरून वाजायचंच. शेवटी शेवटी ती चहा पिऊन निघून जायची आणि आत्याबाई भरलेल्या डब्याकडे बघत बसायच्या. मग तिचं पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला जायचं ठरलं. जाण्याच्या आदल्या दिवशी ती टेंपोतून एक मोठी काचेची पेटी घेऊन आली, ती आईच्या मधल्या खोलीत ठेवली, आणि म्हणाली, "आई, याला सांभाळशील? दुसरं कुणीच नाही मला." पेटीत साप होता.

आता आमच्या भागाला साप नवे नाहीत. भातखाचरात धामण, पडवीत कवड्या, आणि पावसाळ्यात चप्पल झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, हे पोराटोरांनाही शिकवावं लागत नाही. पण हा साप तीन हात लांबीचा, लांबून आलेला पाहुणा होता. केशरी रंग, पाठीवर तांबडे ठिपके, आणि पोटाखाली मक्याच्या दाण्यांसारखी काळी-पांढरी नक्षी. म्हणून त्याला कॉर्न स्नेक म्हणतात, असं लेकीनं सांगितलं. बिनविषारी, स्वभावानं गरीब, मूळचा अमेरिकेचा. म्हणजे हिशेब बरोबर झाला. आमच्या घरचं माणूस तिकडे गेलं आणि तिकडचं इकडे आलं. लेकीनं त्याचं नाव काहीतरी इंग्रजी ठेवलं होतं. आत्याबाईंनी ते ऐकलं, मान डोलावली, आणि त्याच दिवसापासून त्याला मकाजी म्हणायला लागल्या. गावात बोभाटा झाला. सरपंच स्वतः आले, म्हणाले, साप पाळणं गुन्हा आहे. आत्याबाईंनी त्यांना आधी जेवायला वाढलं आणि मग सांगितलं, "हितला धरून ठेवला तर गुन्हा. ह्यो बाहेरचा हाय, त्याची सरकारात नोंद हाय. तुमी अजून रस्सा घ्या." सरपंचांचं तोंड भरलेलं असल्यामुळे चर्चा पुढे गेली नाही.

आणि मग आत्याबाईंनी जो संसार मांडला, तो बघून मी तोंडात बोट घातलं. सापाचं रक्त आपल्यासारखं आतून तापत नाही, त्याला बाहेरून ऊब लागते, आणि नको झाली की गारव्याला सरकायला जागा लागते, हे लेकीनं त्यांना पुन्हा पुन्हा बजावलं होतं. आत्याबाईंनी ते एका वाक्यात बसवलं: "हिकडं चूल, तिकडं मोरी." पेटीच्या एका टोकाला खालून तापणारी चटई, तीस अंशांच्या पुढे गेली की आपोआप बंद होणारी; ती चूल. दुसऱ्या टोकाला पाण्याचं पसरट भांडं, त्यात अंग बुडवून बसता येईल असं, ती मोरी. दोन्हीकडे लपायला एकेक पालथं मडकं, कडेला भोक पाडलेलं. "दोन कशाला? एक पुरे की," मी म्हटलं, तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाहुण्याला उभ्यानं चहा दिला. "आगं, ऊब पायजे तर उघड्यावर बसावं लागंल, अन् लपायचं तर गारठावं लागंल. असं करून कसं चालंल? दोनी ठिकाणी घर नको?" लाईट गेली की त्या रबरी पिशवीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून पेटीखाली सरकवायच्या. आधी त्यांनी खाली भाताचं तूस पसरलं होतं. त्याची धूळ त्याच्या नाकात जाते म्हणून लेकीनं फोनवर आरडाओरडा केला, तेव्हापासून वर्तमानपत्र. पावसाळ्यात कागद ओलसर होतो आणि ओल्यावर सतत पडून राहिला तर सापाच्या पोटाला फोड येतात, म्हणून रोज सकाळी ताजा पेपर. तो आधी त्यांनी वाचायचा, मग मकाजीनं.

हात घालायच्या आधी साबणानं धुवायचे, हा नियम तर मला आपल्या घरात माणसांसाठीही कधी पाळता आला नाही. "सुकटीचा वास घिऊन हात घातलास तर त्याला वाटंल जेवान आलं," त्या म्हणायच्या. मग दोन्ही हात पोटाखालून घालून अलगद उचलायचा, वरून झडप घालायची नाही, कारण वरून फक्त घार येते. कात टाकायच्या आधी त्याचे डोळे दुधाळ निळे व्हायचे, तेव्हा त्याला शिवायचं नाही, खायलाही द्यायचं नाही, नुसता एका डब्यात ओला कापडाचा बोळा ठेवायचा. पहिल्यांदा त्यानं अखंड कात टाकली तेव्हा आत्याबाईंनी ती दोरीवर वाळत घातली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली, डोळ्यांवरच्या चकत्यांसकट. एकदा तर झाकणाची कडी नीट न लागल्यामुळे स्वारी पसार झाली. मी असते तर गाव गोळा केलं असतं. आत्याबाई मात्र हूं की चूं नाही. गाव गोळा झालं तर काठ्याही गोळा होतील, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी दारं लावली, उंबऱ्या-उंबऱ्यात तांदळाचं पीठ भुरभुरलं आणि शांतपणे भाजी निवडत बसल्या. दुपारपर्यंत पिठात नागमोडी रेघ उमटली, ती थेट फ्रिजच्या मागे गेली. मोटरच्या उबेला महाराज वेटोळं घालून पडले होते.

सगळं जमलं, पण एका जागी घोडं अडलं. मकाजीला दहा दिवसांतून एकदा, एकच उंदीर. तोही जिवंत नाही. पनवेलहून बर्फात येणारा गोठवलेला, लेकीनं त्यासाठीच ठेवून दिलेल्या छोट्या फ्रिजमधला, पिशवीसकट गरम पाण्यात ठेवून ऊन केलेला, आणि लांब चिमट्यानं पुढे धरायचा. उंदीर त्याच्या अंगाच्या जाडीइतकाच असावा, मोठा नको. आणि खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. आता तुम्हीच सांगा, ज्या बाईच्या घरात मांजरसुद्धा दिवसातून चारदा जेवतं, तिला हे कसं पटावं? "दहा दिवसांनी एक? आन वर इचारायचं पन नाय? ही काय पद्धत झाली!" त्या मला फोन करून म्हणायच्या. लेकीनं समजूत घालताना सांगितलं, आई, तो मोठा झालाय आता, तो महिनाभर न खातासुद्धा राहू शकतो. हे वाक्य आत्याबाईंनी पदराला गाठ मारून ठेवलं. घात झाला तो याच वाक्यानं.

कारण आला श्रावण. आत्याबाई लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या घरात श्रावणात अंडंसुद्धा शिरलेलं नाही. मांजरालाही महिनाभर दूध-भात. आणि आदल्या दिवशी गटारी. त्या दिवशी आमच्याकडे घराघरात रस्सा शिजतो आणि महिन्याची बेगमी एका बैठकीत होते. मी आणि माझे यजमान गेलो होतो. कोंबडी, वडे, भाकऱ्या, हातावर वरण, सगळं यथासांग झालं. मग आत्याबाई मधल्या खोलीत गेल्या. मी दारातून बघत होते. मकाजीनं एक उंदीर गिळला. त्या म्हणाल्या, "उद्यापासून आपला श्रावण. लेक बोलली, महिनाभर ऱ्हातोस तू. शाना हाय माझा बाबा. पन आज पोटभर खाऊन घे रं." आणि दुसरा पुढे केला. त्यानं तोही घेतला. तिसऱ्याला त्यानं तोंड फिरवलं, तर त्या चिमटा हलवत, लाडीगोडी लावत तशाच बसून राहिल्या. "एवढा एक. माझ्यासाठी." शेवटी त्यानं तो घेतला बिचाऱ्यानं. कोण वाचलंय त्यांच्यापुढे? वर शेजारणी आल्या तर कौतुकानं त्याला बाहेर काढून दाखवला. त्याच्या पोटाची तीन ढेकळं बघून सगळ्याजणी हसल्या. मीही हसले.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "सूनबाई, त्यानं समदं उलटून टाकलं गं." मी एसटीनं गेले. घरात वास भरला होता. मकाजी पेटीच्या गार टोकाला दोरीसारखा सैल पडला होता आणि आत्याबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. मी त्यांना जमिनीवर रिकाम्या हातांनी बसलेलं त्याआधी कधी बघितलं नव्हतं. सापानं ओकणं म्हणजे साधी गोष्ट नाही. आतून सगळं सोलवटतं, पुन्हा लगेच खायला घातलं आणि पुन्हा उलटलं, तर वाचत नाही. हे आम्हाला लेकीकडून कळलं. तिला काहीबाही सांगून वेळ मारून नेता आली असती, मी तसं सुचवलंही. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फोनवर तिचा चेहरा दिसताच म्हणाल्या, "बाय, माझी चूक झाली. मी त्याला दांडगाईनं भरवला."

तिकडून फोन बंद झाला. तो बुटाच्या नाडीएवढा असल्यापासून तिनं वाढवला होता. मग तिनं मुंबईतल्या सापांच्या डॉक्टरला विचारून परत फोन केला. आता पंधरवडाभर अन्न नाही. ऊब, पाणी आणि एकांत, एवढंच. हात लावायचा नाही, वाकून वाकून बघायचं नाही, पेटीवर फडकं टाकून ठेवायचं. मग उंदराचं अगदी लहान पिल्लू द्यायचं. ते पचलं तर वाचला, पुन्हा उलटलं तर उचलून मुंबईला न्यायचा. हे सगळं सांगून ती म्हणाली, "आई, त्याला एकटं सोडायचंय. जमेल तुला?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि तो प्रश्न निव्वळ सापाबद्दल नव्हता, हे मला कळलं, तर त्या माउलीला कळलं नसेल का? आत्याबाई म्हणाल्या, "जमवते."

खरं सांगते, मला वाटलं, तीन दिवस. फार तर चार. मी मनात म्हटलं, ही बाई झोपेत उठून त्याला काहीतरी भरवील. पण अहो, काय तो निग्रह! त्यांनी स्वतःचा बिछाना मधल्या खोलीतून पडवीत आणला. सकाळी आत जायचं, फडक्याखालून पाणी बदलायचं, तापमान बघायचं, बाहेर यायचं. बस. दाराला कडी. मग दिवसभर त्या दाराकडे पाठ करून बसायच्या. हात मात्र ऐकत नसत. मांडीवर ठेवले तरी बोटं आपोआप घास केल्यासारखी जुळायची, मग त्या दुसऱ्या हातानं ती धरून ठेवायच्या. दुकान नवऱ्यावर सोपवून मी एक दिवसाआड जायला लागले, आणि त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच आपल्या हातानं वाढून घेऊन जेवले. किती खाल्लं, कुणी विचारलं नाही.

त्यातच नागपंचमी आली. त्या दिवशी आम्ही चिरत नाही, तळत नाही, तवा चुलीवर ठेवत नाही, पाटावर चंदनाचा नाग काढून पुजतो. पण गावात जिवंत देव असताना पाट कोण विचारतो? सकाळी सकाळी बायका दूध-लाह्यांच्या वाट्या, हळद-कुंकू, फुलं घेऊन आत्याबाईंच्या दारात. आठ-दहा जणी असतील. पुढची म्हणाली, "काकी, दार उघडा, दूध पाजतो." आत्याबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या, दोन्ही हात चौकटीला. "साप दूध पीत नाय. आन त्यो आजारी हाय."

"आमी हात नाय लावत. नुसतं हळद-कुंकू वाहतो."

"त्याच्या नाकात जाईल. नाय."

"आवो, सणाच्या दिवशी दारातून परत धाडता का?"

या बाईनं उभ्या जन्मात दारातून कुणाला परत धाडलं नव्हतं. त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांचा हात पिरगाळतंय. पण त्या हलल्या नाहीत. "परत न्हाय धाडत. पडवीत बसा, पातोळ्या उकडल्यात त्या खा. पन ह्या दारातून आज कोन जायचं नाय. तुमच्या घरी पोर तापानं फणफणलं असतं तर मी ढोल घिऊन आले असते का?" बायका पडवीत बसल्या. हळदीच्या पानातल्या गरम पातोळ्या खाल्ल्या, बंद दाराला लांबून हात जोडले आणि गेल्या. दुधाच्या वाट्या मांजरानं संपवल्या.

पंधरवडा सरला तेव्हा श्रावण अजून अर्धा बाकी होता. फडकं बाजूला करून बघितलं तर मकाजीच्या पाठीचा कणा वर आलेला. लेक म्हणाली, आई, आता थांबू नको. म्हणजे श्रावणात, त्या घरात, उंदीर. मला वाटलं आता देवाला कौल लावतील, भटजींना विचारतील. त्यांनी देव्हाऱ्यासमोर दिवा लावला आणि मला ऐकू येईल अशा आवाजात देवालाच सांगितलं, "श्रावण माझा हाय. त्याला कुनी इचारलं होतं? मीच लादला त्याच्यावर." मग मागच्या अंगणात दगडांची वेगळी चूल मांडून पाणी तापवलं, बोटाच्या पेराएवढं पिल्लू ऊन केलं, चिमट्यानं मडक्याच्या तोंडाशी ठेवलं. हलवलं नाही. 'खा' म्हटलं नाही. मडक्याच्या भोकातून एक केशरी नाकाड बाहेर आलं, जीभ एकदा लवलवली आणि ते पुन्हा आत गेलं. मला वाटलं, आता यांच्या तोंडून शब्द निघणार. त्या उठल्या, फडकं सारखं केलं, मला दंडाला धरून बाहेर आणलं आणि दार ओढून घेतलं.

आम्ही पडवीत बसलो. समोर माथेरानच्या डोंगरावर ढग उतरले होते, खाचरात भात पोटरीला यायच्या बेतात होतं. मी काहीबाही बडबडत होते, त्या ऐकत नव्हत्या. किती वेळ बसलो कोण जाणे. त्या कधी काही मागत नाहीत, देतच असतात, म्हणून मला त्यांचा तो चेहरा ओळखीचा वाटेना. देणारी बाई मागायला बसली होती, आणि तेही तोंडातून अवाक्षर न काढता. मला लहानपणापासून आजवर कुणाचा एवढा धाक, एवढा आदर वाटला नसेल. शेवटी दिवेलागणीला त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा पदरानं डोळे पुसत होत्या. "घेतलं गं त्यानं. आपल्या मनानं घेतलं."

ते पचलं. पुढचंही पचलं. आता दहा दिवसांनी एक, त्याच्या बेताचा, आणि वर एक कणही नाही. लेक शिक्षण संपवून तिकडेच नोकरीला लागली आहे. फोन मात्र आता रोज येतो, आणि परवा मी बघितलं, ती तिकडे ताट पुढ्यात घेऊन जेवत होती आणि आत्याबाई इकडे नुसत्या बघत होत्या. आमटी कशी झालीय, एवढंच विचारलं.

गेल्या आठवड्यात मी गेले होते, तेव्हा त्या मकाजीचा कागद बदलत होत्या. तो त्यांच्या मनगटाला विळखा घालून निवांत होता. मध्येच म्हणाल्या, "नीट ठेवला तर वीस वर्सं जगतो म्हनं. घेताना लोक ह्याचा इचारच नाय करत." मग पेटीची कडी लावून, ओढून बघून, माझ्यासमोर येऊन बसल्या.

"माझ्या मागं लेक तिकडंच ऱ्हायली, तर तू नेशील का गं त्याला?"

मी पाल दिसली की पलंगावर चढते. त्यांना ते पक्कं माहीत आहे. त्यांनी विचारलं ते एकदाच, आणि हात मांडीवर ठेवून, दुसरीकडे बघत, माझ्या उत्तराची वाट बघत बसल्या. लाडीगोडी नाही, 'माझ्यासाठी' नाही.

"नेईन," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि चहा ठेवायला उठल्या. 'नक्की ना?' असंसुद्धा विचारलं नाही. त्यांनी विचारावं, मागे लागावं, दहादा विचारावं, असं मला फार वाटत होतं.